‘ॲडव्हर्स’चं तोंड कुणीकडे?

वरच्या मजल्यावरच्या काकू परवा औषधाच्या खोक्यातला कागद घेऊन आल्या. हा कागद म्हणजे एक चमत्कारच असतो. घडी अंगठ्याएवढी, उलगडली की टेबलभर पसरते आणि अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. काकू भिंग घेऊनच आल्या होत्या. एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती : ‘ॲडव्हर्स रिॲक्शन्स’. त्याखाली मळमळीपासून केस गळण्यापर्यंत लांबलचक यादी.

“तू इंग्रजी शिकवतोस ना? ॲडव्हर्स म्हणजे वाईटच ना रे?”

“साधारण तसंच.”

“मग सरळ बॅड का नाही लिहीत मेले?”

‘साधारण तसंच’ हे उत्तर मास्तरकीला शोभणारं नव्हतं. काकूंचा प्रश्न मात्र अगदी नेमका होता. इंग्रजीत वाईटाला शब्दांची ददात नाही. तरीही डॉक्टर, वकील, हिशेबनीस, विमावाले, रस्ते बांधणारे अभियंते, सगळे मोक्याच्या जागी ‘बॅड’ टाळतात आणि ‘ॲडव्हर्स’ला बोलावतात. शब्दकोशात पाहावं तर ‘प्रतिकूल, विरोधी, हानिकारक’ अशी तीन पर्यायांची रांग लावून कोशकार मोकळे. पण या तिघांत फरक आहे, आणि तो कळला नाही तर नोकरीतला शेरा, जमिनीचा दावा आणि लसीकरणानंतरचा फॉर्म, तिन्ही ठिकाणी घोटाळा होतो.

१. नांगर, वात आणि वृत्त

‘ॲडव्हर्स’च्या पोटात ‘वाईट’ असं काहीच नाही. आहे ते वळण. लॅटिनमध्ये ‘व्हर्तेरे’ म्हणजे वळणं किंवा वळवणं, आणि ‘ॲड’ म्हणजे कडे. दोन्ही जोडले की एखाद्याकडे तोंड वळवणं. आता आपल्याकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस दोनच कारणांसाठी उभा असतो : बोलायला किंवा भांडायला. भांडायला उभा राहिला तो ‘ॲडव्हर्स’. बोलायला, म्हणजे लोकांचं लक्ष आपल्याकडे वळवायला उभा राहिला त्याच्यापासून ‘ॲडव्हर्टाइज’ निघाला. जाहिरात आणि विरोध हे इंग्रजीत सख्खे भाऊ आहेत, हे रोज टीव्ही पाहणाऱ्याला पटायला हरकत नाही.

हे लॅटिन क्रियापद आपल्याला परकं नाही. संस्कृतातला ‘वृत्’ हा धातू आणि हे ‘व्हर्तेरे’ एकाच मुळापासून फुटलेले. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन, निवृत्ती, सगळीकडे तेच वळणं आहे. कापूस तळहातावर वळून केलेली ‘वात’ही त्याच घरातली, आणि ज्या ‘वाटे’नं आपण चालतो तीही ‘वर्त्मन्’मधून आलेली. लॅटिनमध्ये नांगराच्या तासालाही ‘व्हर्सुस’ म्हणत. शेताच्या टोकाला गेलं की बैल वळवायचे आणि दुसरं तास धरायचं. पुढे लिहिलेल्या ओळीला तेच नाव पडलं आणि इंग्रजीत ‘व्हर्स’ म्हणजे पद्य झालं. इकडे आपणही छंदाला ‘वृत्त’ म्हणतो. कुणी कुणाला विचारलं नव्हतं, पण कवितेला दोघांनीही नाव दिलं ते वळण्याचंच.

मराठीनं ॲडव्हर्ससाठी जो शब्द वापरला त्यातही दिशाच आहे. ‘कूल’ म्हणजे नदीचा काठ. काठाच्या उताराला धरून ते अनुकूल, काठाच्या उलट ते प्रतिकूल. नदी चांगली की वाईट हा प्रश्नच तिथे नाही. तुम्ही कुठे निघाला आहात यावर सगळं अवलंबून. खाली जाणाऱ्या होडीला जो प्रवाह अनुकूल, तोच वर येणारीला प्रतिकूल.

म्हणून या शब्दाला पहिला प्रश्न विचारायचा तो ‘किती वाईट?’ असा नाही. ‘कुणाच्या विरुद्ध?’ असा.

२. घाटातलं एकच वळण, दोन गाड्या

हे नुसतं शब्दांचं कोडं वाटू नये म्हणून घाटात जाऊ. इंग्लंडमधल्या रस्त्यांवर काही वळणांपाशी ‘ॲडव्हर्स कँबर’ अशी पाटी असते. कँबर म्हणजे रस्त्याचा बाक. पावसाचं पाणी साचू नये म्हणून रस्ता मधोमध थोडा उंच आणि दोन्ही कडांना उतरता करतात. उपड्या ठेवलेल्या उथळ परातीसारखा. सरळ रस्त्यावर यात कुणाचंच काही बिघडत नाही.

वळणावर मात्र हिशेब बदलतो. गाडी वळत असताना तिला सरळ, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अंगाला जायचं असतं. उतार आतल्या बाजूला असेल तर तो तिला वळायला मदत करतो, बाहेरच्या बाजूला असेल तर ढकलतो. आता आपण डावीकडून गाडी चालवतो हे लक्षात ठेवा आणि उजवीकडे वळणारा रस्ता डोळ्यांपुढे आणा. तुम्ही डाव्या, म्हणजे वळणाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात आहात. तुमच्या चाकांखालचा उतार बाहेर, दरीकडे. तुमच्यासाठी हा बाक ॲडव्हर्स. त्याच क्षणी समोरून येणारी एसटी त्याच वळणाच्या आतल्या भागात आहे. तिच्या चाकांखालचा उतार आत, डोंगराकडे. तिच्यासाठी तोच बाक अनुकूल.

रस्ता एक, बाक एक, क्षण एक. मुकादमाला विचाराल तर तो म्हणेल, काम चोख झालंय, मधोमध उंची बरोबर आहे. आणि ते खरंच असेल. बाक वाईट नाही, तुमच्या वळण्याच्या विरुद्ध आहे एवढंच. म्हणून चांगल्या रस्त्यावर वळण आलं की मधला उंचवटा काढून टाकतात आणि सबंध रस्त्याची बाहेरची कड उचलतात, म्हणजे दोन्ही गाड्यांना उतार आतलाच मिळतो.

३. बटाट्याचा भाव

हिशेबनिसांच्या कागदावर एखाद्या आकड्यापुढे कंसात इंग्रजी ‘ए’ किंवा ‘एफ’ दिसतं. ए म्हणजे ॲडव्हर्स, एफ म्हणजे फेव्हरेबल. वडापावची गाडी घ्या. मालकानं धरलं होतं की दिवसाला 20 किलो बटाटे लागतील आणि भाव किलोला 25 रुपये असेल. बाजारात भाव निघाला 30. किलोमागे 5, म्हणजे दिवसाला 100 रुपये जास्त गेले. पुढे ‘ए’. त्याच दिवशी 300 वड्यांच्या अंदाजापुढे 340 खपले. 20 रुपयांप्रमाणे 800 रुपये जास्त आले. पुढे ‘एफ’.

दोन्ही ठिकाणी आकडा अंदाजापेक्षा जास्तच आहे, तरी एक ए आणि एक एफ. म्हणून इथे अधिक-उणे चिन्ह उपयोगी पडत नाही. मालकाच्या खिशाकडे तोंड करून पाहिलं तरच अर्थ लागतो. बटाटेवाल्याच्या वहीत तेच 100 रुपये ‘एफ’ असतील.

लेखापरीक्षकांचा ‘ॲडव्हर्स ओपिनियन’ मात्र जास्त कडक असतो. कंपनीचे हिशेब खरं चित्र दाखवत नाहीत, असं परीक्षकानं स्पष्ट म्हणणं म्हणजे तो. त्याच्या एक पायरी अलीकडे असतो ‘क्वालिफाईड ओपिनियन’, म्हणजे अमुक बाब सोडून बाकी ठीक. आपल्याकडे क्वालिफाईड म्हटलं की मुलगा पास झाल्यासारखं वाटतं. शेअर घेताना एवढ्या एका शब्दावर खूश होऊ नका.

४. ‘गुड’ लिहिलंय, मग तक्रार कसली?

सरकारी नोकरीत ज्याला पूर्वी सगळे ‘सीआर’ म्हणत आणि आता कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात, तो कागद म्हणजे ॲडव्हर्स या शब्दाची खरी शाळा. साहेब वर्षाअखेर हाताखालच्या माणसाबद्दल शेरा लिहितो. शेरा प्रतिकूल असेल तर तो संबंधिताला कळवायचा, त्याला बाजू मांडू द्यायची, असा जुना दंडक. अनुकूल असेल तर कळवायची गरज काय, म्हणून तो फायलीतच राहायचा.

आता समजा, शेरा आहे ‘गुड’. चांगला. हा कळवायचा की नाही?

सीमेवर रस्ते बांधणाऱ्या खात्यातल्या एका कार्यकारी अभियंत्याचं हेच झालं. बढतीसाठी पाच वर्षांचे शेरे ‘व्हेरी गुड’ लागत होते. एका वर्षी ‘गुड’ पडलं होतं. ते त्याला कुणी कळवलं नाही, कारण ‘गुड’ला ॲडव्हर्स कोण म्हणणार? बढतीच्या यादीत नाव आलं नाही तेव्हा प्रकरण वर गेलं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अभियंत्याच्या बाजूनं निकाल दिला. शेऱ्याचं नाव काय आहे हे पाहायचं नाही, त्यानं माणसाचं काय होतं हे पाहायचं, असा त्यातला मुद्दा. जिथे ‘खूप चांगला’ लागतो तिथे ‘चांगला’ हाच आडवा येतो. म्हणून कोणताही शेरा असो, तो कळवलाच पाहिजे, असं न्यायालयानं सांगितलं. 2013 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तेच कायम ठेवलं.

मला हा निकाल इंग्रजीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त आवडतो. ‘गुड’ आणि ‘ॲडव्हर्स’ एकाच वेळी खरे असू शकतात, हे त्यात दोन ओळींत कळतं. ‘गुड’ हे कामाचं वर्णन झालं. ‘ॲडव्हर्स’ हे त्या शब्दाचं तोंड कुणीकडे आहे ते.

न्यायालयंही शेरे मारतात. एखाद्या खात्याच्या कारभाराबद्दल न्यायमूर्ती कडक बोलले की इंग्रजी वर्तमानपत्र ‘ॲडव्हर्स रिमार्क्स’ लिहितं आणि मराठी वर्तमानपत्र ‘ताशेरे ओढले’ लिहितं. इथे मराठी शब्द सरस आहे. ताशेरे म्हटलं की पाठीवर वळ उठल्यासारखं वाटतं. पण हा शब्द नापसंतीपुरताच. ‘ॲडव्हर्स वेदर’ला ताशेरे म्हणता येत नाही. ॲडव्हर्सची एक बाजू नापसंतीची आणि एक गैरसोयीची, दोन्ही त्याच्यात मावतात. आपल्याला त्यासाठी दोन शब्द लागतात.

५. कोरलेला बांध

‘ॲडव्हर्स पझेशन’ हा शब्द तलाठ्याकडे, वकिलाकडे आणि लग्नाच्या पंगतीत, तिन्ही ठिकाणी ऐकू येतो. पंगतीत ऐकू येतो तो असा : “बारा वर्षं कसली ना, मग झाली त्याची.” अर्धं खरं, अर्धं धोकादायक.

मुदतीच्या कायद्यात, म्हणजे 1963 च्या लिमिटेशन ॲक्टमध्ये, मालकी हक्काच्या जोरावर जमिनीचा ताबा परत मागायला 12 वर्षांची मुदत आहे. ही 12 वर्षं समोरच्याचा ताबा ‘ॲडव्हर्स’ झाल्या दिवसापासून मोजायची. मुदत गेली की दावा तर जातोच, मूळ मालकाचा हक्कही संपतो. जमीन सरकारची असेल तर मुदत 30 वर्षं. सगळा खेळ त्या एका विशेषणावर. ताबा कधीपासून आहे हे पुरेसं नाही, तो ॲडव्हर्स कधीपासून आहे हे विचारलं जातं.

तीन माणसं घेऊ.

पहिला, धाकटा भाऊ. थोरला नोकरीला मुंबईत गेला, जाताना म्हणाला, “बाबा, मी काही येत नाही, तू वहिवाट.” धाकट्यानं 30 वर्षं शेत कसलं. हा ताबा ॲडव्हर्स नाही, कारण तो थोरल्याच्या परवानगीनं आहे. परवानगी आणि विरोध एका म्यानात राहत नाहीत. शिवाय सातबाऱ्यावर दोघांची नावं असतील तर एका हिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. ‘तुझा इथे काही हक्क नाही’ असं धाकट्यानं थोरल्याला उघड ठणकावलेलं असलं, तर त्या दिवसापासून गोष्ट वेगळी. थोरल्याच्या मायेच्या एका वाक्यानं 30 वर्षं विरोधी होता होता राहिली, ही कायद्यातली मोठी गमतीची जागा आहे.

दुसरा, खंडानं कसणारा. हाही ॲडव्हर्स नाही. मालकाला खंड देतो याचाच अर्थ मालकाची मालकी कबूल करतो. कुळांना जमिनी मिळाल्या त्या 1948 च्या कुळकायद्यानं, निराळ्या वाटेनं. ‘कूळ’ आणि प्रतिकूलमधलं ‘कूल’ यांचाही एकमेकांशी संबंध नाही, हे जाता जाता.

तिसरा, शेजारी. पलीकडच्या शेताच्या मालकाची जमीन, त्याची परवानगी नाही, नातं नाही, करार नाही. शेजाऱ्यानं कुंपण पुढे सरकवलं, त्या पट्टीत दरवर्षी सगळ्यांच्या देखत पेरलं, मालक रोज बांधावरून जातो आणि पाहतो. हा ताबा उघड आहे, सलग आहे, दांडगाईनं टिकवलेला नाही आणि मालकाच्या हक्काविरुद्ध आहे. हा ॲडव्हर्स.

आणि बांध कोरणारा? नांगरताना दरवर्षी चार बोटं बांध कोरायचा, ही कला महाराष्ट्रात वेगळी शिकवावी लागत नाही. नांगर वळवताना फाळ जरा पलीकडे टेकवायचा, ढेकळं आपल्याकडे ओढायची. पाच वर्षांनी बांधावरची बाभूळ आपल्या शेतात उभी. पण कायद्याच्या दृष्टीनं हा गडी कच्चा. कोणती पट्टी, कोणत्या तारखेपासून, किती रुंद आणि मालकाला कळेल अशा रीतीनं ताब्यात होती, हे सगळं त्यानंच सिद्ध करायचं असतं. चोरून केलेलं काम उघड होतं असं सांगता येत नाही. ॲडव्हर्स होण्यासाठी समोर उभं राहावं लागतं. पाठीमागून सरकणारा चोर असतो, ॲडव्हर्स नसतो. लॅटिन व्याकरण इतकं शेतात उतरलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

या कायद्यावर रागावणारे पुष्कळ आहेत, कारण अतिक्रमण करणाऱ्याला बक्षीस मिळतं असं वाटतं. मलाही वाटतं. पण त्या रागात ‘ॲडव्हर्स’चं भाषांतर ‘बेकायदा’ असं करू नये. मराठी वकील ‘प्रतिकूल ताबा’ किंवा ‘विरोधी ताबा’ म्हणतात. दोन्ही चालतील, माझं मत ‘विरोधी’ला. जमिनीच्या भांडणात नदीकाठ कशाला?

६. काकूंचा कागद

आता तो घडीचा कागद. औषधांच्या जगात तीन शब्द शेजारी शेजारी राहतात आणि पत्रं एकमेकांच्या घरी जातात.

‘साइड इफेक्ट’ म्हणजे ज्यासाठी औषध दिलं त्याव्यतिरिक्त झालेला परिणाम. तो वाईटच असतो असं नाही. मिनॉक्सिडिल हे रक्तदाबाचं औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि आज तेच टकलावर लावायला विकलं जातं. साइड म्हणजे बाजूचा. बाजूचा पाहुणा कधी कधी गोडही असतो.

‘ॲडव्हर्स रिॲक्शन’ म्हणजे औषधामुळे झालेला आणि शरीराच्या विरुद्ध गेलेला परिणाम. इथे दोन अटी आल्या : अपाय हवा आणि तो औषधामुळे झाल्याचा संशय हवा.

‘ॲडव्हर्स इव्हेंट’ म्हणजे औषध किंवा लस घेतल्यानंतर घडलेली कोणतीही अपायकारक घटना. कारण अजून ठरलेलं नाही. गफलत होते ती इथेच. बाळाला लस दिली, संध्याकाळी ताप आला. ही घटना. लसीनं ताप येऊ शकतो हे माहीत आहे, म्हणून बहुधा ती प्रतिक्रियाही. दुसऱ्या बाळाला लस दिली आणि दोन दिवसांनी घरातल्या सगळ्यांबरोबर त्यालाही जुलाब झाले. हीसुद्धा घटना, नोंद हिचीही होते. पण कारण पाण्यात असू शकतं. तिसरी, शाळकरी मुलगी, लस टोचल्या टोचल्या भीतीनंच चक्कर येऊन पडली. घटना तीही. पण कारण लसीत नव्हे, भीतीत असेल.

लसीकरणानंतरच्या अशा घटना जागतिक आरोग्य संघटना पाच गटांत टाकते : लसीच्या घटकामुळे, लसीच्या दर्जातल्या दोषामुळे, देण्यातल्या चुकीमुळे, भीती-ताणामुळे आणि निव्वळ योगायोगानं. गट तपासाअंती ठरतो, नोंद मात्र आधी. ‘अमुक इतक्या ॲडव्हर्स इव्हेंट नोंदल्या गेल्या’ ही बातमी ‘लसीमुळे अमुक इतक्यांना अपाय झाला’ अशी वाचली की गावभर घबराट होते. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांत आपली गल्लत होते, आणि ही गल्लत इंग्रजीची नव्हे.

भारतात अशा नोंदींसाठी 2010 पासून औषध-दक्षतेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याचं केंद्र आहे. नोंद डॉक्टरनंच करायला हवी असं नाही, रोगीही करू शकतो. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे ही यादी सगळी मला होणार असं नाही.” नाही. आजवर कुणाच्या ना कुणाच्या विरुद्ध गेलेल्या गोष्टींची ती यादी. त्यांनी कागद पुन्हा खोक्यात घालायचा प्रयत्न केला. तो कधीच मूळ घडीत बसत नाही.

७. सोसायटीचा विमा

छोटी गोष्ट, पण विमा घेणाऱ्याला उपयोगी. सोसायटीत 100 माणसं. वर्षभरात सगळ्यांचा मिळून दवाखान्याचा खर्च 4,00,000 रुपये होईल असा अंदाज. माणशी 4,000. विमा कंपनीनं 4,500 हप्ता सांगितला. पण विमा ऐच्छिक ठेवला. ज्या 50 जणांना वर्षभर शिंकही येत नाही ते म्हणाले, आम्हाला नको. उरलेल्या 50 जणांचा खर्च 3,80,000. माणशी 7,600. हप्ते गोळा झाले 2,25,000. पुढच्या वर्षी हप्ता 8,000 केला की उरलेल्यांतले जरा बरे तेही बाहेर.

याला म्हणतात ‘ॲडव्हर्स सिलेक्शन’. इथे कुणी वाईट माणसं निवडली असा अर्थ नाही. निवड विमा कंपनीनं केलीच नव्हती, लोकांनी केली, आणि ती कंपनीच्या विरुद्ध गेली. ज्याला जास्त माहीत असतं त्याच्या बाजूनं सौदा झुकतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन हाच धागा उलगडला आणि 2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. तुमच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारासाठी थांबायचा काळ असतो, तो यासाठीच. 2024 पासून तो जास्तीत जास्त 36 महिने ठेवता येतो. तो काळ तुम्हाला ॲडव्हर्स वाटतो, कंपनीला फेव्हरेबल. घाटातली एसटी पुन्हा आठवावी.

८. एका ‘डी’ची बदली

आता वापर. ॲडव्हर्स हा नामाच्या आधी बसायला आवडणारा शब्द आहे आणि त्याची नामं ठरलेली आहेत : इफेक्ट, रिॲक्शन, वेदर, कंडिशन्स, कॉमेंट, पब्लिसिटी, इम्पॅक्ट, सर्कमस्टन्सेस. माणसाला तो सहसा लागत नाही. ‘ही इज ॲन ॲडव्हर्स मॅन’ असं कुणी म्हणत नाही. विरोध करणारा माणूस म्हणजे ‘ॲडव्हर्सरी’, विरोधी परिस्थिती म्हणजे ‘ॲडव्हर्सिटी’. ‘ॲडव्हर्सिटीत दिवस काढले’ म्हणायचं, ‘ॲडव्हर्समध्ये’ नव्हे. उच्चारात ब्रिटिश माणूस जोर ‘ॲड’वर देतो, अमेरिकेत तो ‘व्हर्स’वरही सापडतो.

‘अनफेव्हरेबल’ त्याचा मवाळ चुलतभाऊ. ‘अन’ म्हणजे नाही : मर्जी नाही, साथ नाही. ॲडव्हर्समध्ये साथ नसण्यापुरतं भागत नाही, समोरून रेटा असतो. समीक्षकाला नाटक आवडलं नाही तर अनफेव्हरेबल रिव्ह्यू, त्या परीक्षणानं तिकीटविक्री बसली तर ॲडव्हर्स इफेक्ट. दोघांची सरमिसळही चालते. एखाद्यानं हाताशी असलेला पुरावा न्यायालयापुढे आणला नाही, तर तो त्याला अडचणीचा असणार असं गृहीत धरायची मुभा आपल्या पुरावा कायद्यात आहे. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात शब्द आहे ‘अनफेव्हरेबल’, आणि वकील मंडळी त्याच गोष्टीला ‘ॲडव्हर्स इन्फरन्स’ म्हणतात.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो ‘ॲव्हर्स’वर. मधला ‘डी’ गेला की तोंड फिरतं. ‘ॲड’ म्हणजे कडे, ‘ॲ’ म्हणजे पासून दूर. ॲडव्हर्स समोर येऊन ठाकतो, ॲव्हर्स पाठ फिरवतो. मराठीत त्याला तंतोतंत शब्द आहे : पराङ्मुख. जरा सोपा हवा तर विमुख. ॲडव्हर्स परिस्थितीला, ॲव्हर्स माणसाला. जोखमीपासून लांब पळणारा गुंतवणूकदार ‘रिस्क ॲव्हर्स’. त्याला ‘रिस्क ॲडव्हर्स’ म्हणणारे फंड विकणारे मी ऐकले आहेत, आणि पैसे दिलेले नाहीत.

काही वर्षांपूर्वी एक ओळखीचे गृहस्थ अर्ज तपासून घ्यायला आले. वरिष्ठांना लिहिलेलं इंग्रजी पत्र, बढती हवी होती आणि त्यासाठी कुठेही जायची तयारी होती. शेवटचं वाक्य होतं : ‘आय ॲम नॉट ॲडव्हर्स टू ट्रान्सफर.’ मी ‘डी’वर काट मारली.

“हा काय फरक झाला, सर?”

“आधी तुम्ही लिहिलं होतं, मी बदलीच्या आडवा येणारा नाही. आता लिहिलंय, बदलीची मला नावड नाही.”

ते जरा वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “सर, खरं सांगू? नावड आहे हो. आडवा मात्र येणार नाही.” आणि खिशातून पेन काढून त्यांनी माझ्या काटेवर पुन्हा ‘डी’ लिहिला.